स्टेम सेलची वाट पाहायची की इम्प्लांट करायचं? एका बहिऱ्या मुलीच्या कुटुंबाच्या निर्णयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओवीचा जन्म जून २०२० मधला. नाव बदललं आहे, आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही. कराड तालुक्यातलं गाव, वडील साखर कारखान्यात फिटर, आई डी.एड. झालेली पण नोकरी नाही. घरात आजी आणि आबा. आईवडील नात्यातलेच, वडिलांनी मामाची मुलगी केलेली. आपल्याकडे त्यात कुणाला वावगं वाटत नाही आणि मलाही इथे कुणाला बोल लावायचा नाही. पुढे जनुकांच्या तपासणीत या नात्याचा संबंध येतो, म्हणून आधीच नोंदवते.

जन्माच्या वेळी दोन गोष्टी घडल्या. पहिली, नवजात बाळाच्या कानाची तपासणी झाली नाही. लॉकडाऊनचे दिवस, हॉस्पिटलमधलं ही तपासणी करणारं ओएई यंत्र वापरणारी व्यक्ती येत नव्हती, आणि डिस्चार्जच्या कागदावर त्या रकान्यात नुसती रेघ मारलेली. दुसरी, ओवीच्या नाळेतलं रक्त, त्यातल्या स्टेम सेलसाठी (इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळपेशी), एका खासगी बँकेत गोठवून ठेवलं गेलं. पुण्यात आयटीत असलेल्या ओवीच्या मामाने हौसेने तो करार केला होता आणि हप्ते तोच भरत होता. जी तपासणी पाच-दहा मिनिटांत होते ती राहिली, आणि जे रक्त बहुधा कधीच लागणार नव्हतं ते उणे १९६ अंशांत जाऊन बसलं. हा विरोधाभास मी एकाच घरात पाहिलाय असं नाही.

शंका आधी आजीला आली. तेराव्या महिन्यात ती म्हणाली, "पातेलं पडलं तरी पोर वळत नाही." गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "काही मुलं उशिरा बोलतात, थांबा." दीड महिना त्यात गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये पुण्यात बेरा झाली, म्हणजे आवाजाला श्रवणाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का हे मोजणारी चाचणी. दोन्ही कानांत ९० डेसिबलपर्यंत काहीही प्रतिसाद नाही. मी ऑडिऑलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) म्हणून या कुटुंबाशी जोडले गेले ती इथून.

अडचण

निदान स्पष्ट होतं, आतल्या कानाचा अतितीव्र बहिरेपणा. कानामागे लावायची मशीनं लगेच बसवली. तीन महिने रोज वापरूनही तिला ढोलाच्या आवाजापलीकडे काही पोचत नव्हतं. अशा मुलांसाठी पुढची पायरी कॉक्लिअर इम्प्लांट. आतल्या कानाच्या शंखात इलेक्ट्रोडची तार बसवायची आणि मेलेल्या किंवा निकामी पेशींना वगळून थेट श्रवणाच्या नसेला विजेचे संकेत द्यायचे. मुंबई-पुण्यात ही शस्त्रक्रिया आता रुळलेली आहे.

ऑपरेशनची भीती प्रत्येक घरात असते, इथेही होती. पण या घरात भीतीच्या जोडीला आशा होती, आणि तीच जास्त जड गेली. मामाने वाचलं होतं की अमेरिकेत एक कंपनी कानातल्या पेशी पुन्हा उगवणारं औषध तपासतेय. इंग्लंडमध्ये स्टेम सेल देऊन उंदरासारख्या प्राण्यांना ऐकू आलंय. आणि आपल्याकडे तर ओवीच्या स्वतःच्या स्टेम सेल ठेवलेल्याच आहेत! मग कवटीत छिद्र पाडून मशीन कशाला घालायचं? आबांचं म्हणणं साधं होतं, "देवानं दिलेला कान आहे. दुरुस्त होत असंल तर दुरुस्त करू, बदलायचा कशाला?"

त्यातच पुण्याबाहेरच्या एका स्टेम सेल केंद्राचा पत्ता कुणीतरी दिला. मामा आणि वडील तिथे जाऊन आले. खर्च सुमारे साडेचार लाख, तीन सिटिंग. मुलीला भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज काढायचा, पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या कण्यातून टोचायच्या. नाळेतलं रक्त "नंतर बूस्टर म्हणून" वापरू, असंही सांगितलं. सोबत रंगीत माहितीपत्रक आणि एका परदेशी शोधनिबंधाची झेरॉक्स.

डिसेंबरमध्ये ते सगळे माझ्यासमोर बसले तेव्हा ओवी दीड वर्षाची होती. वडिलांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही सांगा, सहा महिने थांबलो तर काय बिघडतं?" माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न होता. इम्प्लांट चांगलं की वाईट, हा वाद त्याच्या नंतरचा.

समोरचे पर्याय

चार पर्याय होते आणि ते कागदावर मांडले.

पहिला, केंद्रातले उपचार. दुसरा, काहीच न करता संशोधनाची वाट पाहायची, तोवर मशीनं चालू ठेवायची. तिसरा, इम्प्लांट आणि नंतर ऐकायला-बोलायला शिकवणारी थेरपी. चौथा, खुणांची भाषा आणि मूकबधिर विद्यालयाचा रस्ता. चौथा पर्याय घरच्यांनी ऐकूनच घेतला नाही. "खुणा शिकली तर बोलणार नाही" ही समजूत इतकी घट्ट होती की त्यावर त्या दिवशी बोलणं पुढे गेलंच नाही.

पहिल्या दोन पर्यायांवर मात्र बराच वेळ दिला. कारण संशोधन खोटं नाही, आणि "हे सगळं थोतांड आहे" असं सांगून उठवलं असतं तर ते सरळ केंद्रात गेले असते.

आपल्या प्रत्येक कानाच्या शंखात जन्माच्या वेळी साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनाचं विजेच्या संकेतात रूपांतर त्या करतात. सस्तन प्राण्यांत या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत मात्र उगवतात, हे १९८८ च्या सुमारास सिद्ध झालं, आणि कोंबडीला जमतं ते माणसाला का जमू नये या प्रश्नावर तेव्हापासून प्रयोगशाळा झटताहेत. यात दोन वाटा आहेत. एक, कानात शिल्लक असलेल्या आधारपेशींना (केसपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशी) औषधाने जागं करून त्यांच्यापासून केसपेशी बनवायच्या. मामाने वाचलेली अमेरिकी कंपनी म्हणजे फ्रीक्वेन्सी थेरप्युटिक्स, आणि तिचं एफएक्स-३२२ हे औषध या वाटेवरचं. पण तिच्या चाचण्या प्रौढांवर होत्या, नंतरच्या आयुष्यात ऐकू येणं कमी झालेल्यांवर. आणि आम्ही बोलत होतो त्याच वर्षी, मार्च २०२१ मध्ये, त्यांच्या एका चाचणीत औषध आणि बिनऔषधाचं इंजेक्शन यांत फरक दिसला नव्हता. मामाने वाचलेला लेख त्याच्या आधीचा निघाला.

दुसरी वाट म्हणजे पेशी बाहेर तयार करून कानात सोडायच्या. शेफील्ड विद्यापीठात मार्सेलो रिव्होल्टा यांच्या गटाने मानवी भ्रूणातल्या स्टेम सेलपासून कानाच्या पूर्वपेशी बनवल्या आणि श्रवणाची नस मुद्दाम निकामी केलेल्या जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांच्या कानात घातल्या. ऐकण्याच्या उंबरठ्यात, म्हणजे ऐकू येणाऱ्या सर्वात हळू आवाजाच्या पातळीत, सरासरी ४६ टक्के सुधारणा झाली. हे २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं आणि ते खरंच मोठं काम आहे. पण बारकावे पाहा. पेशी भ्रूणाच्या, आधी प्रयोगशाळेत कानाच्या वळणावर आणलेल्या, शस्त्रक्रियेने नेमक्या जागी सोडलेल्या, आणि दुरुस्ती झाली ती नसेची. हाडातल्या मगजातल्या पेशी पाठीतून टोचण्याशी याचा नावापुरताच संबंध.

मग राहिली झेरॉक्स. तो निबंध अमेरिकेतल्या डॉक्टर बॉमगार्टनर यांच्या गटाचा, २०१८ चा, नाळेतल्या रक्ताचाच. केंद्राने तो पुरावा म्हणून दिला होता. आम्ही तो टेबलावर ठेवून परिच्छेद-परिच्छेद वाचला, मामा इंग्रजी वाचत होता आणि वडिलांना मराठीत सांगत होता. अकरा मुलं. उद्देश होता उपचार सुरक्षित आहे का हे पाहण्याचा. मुलांचा बहिरेपणा जन्मानंतर आलेला. पाच मुलांच्या तपासणीत थोडी सुधारणा, पण ज्यांना काहीच दिलं नाही असा तुलनेचा गट नव्हता. आणि रक्त शिरेतून दिलं होतं, पाठीच्या कण्यातून नाही. मामा तिथे थांबला. "म्हणजे हे जे करणार म्हणतात ते यात नाहीच?" मी मान हलवली. बाकी काही बोलायची गरज पडली नाही.

निर्णयाचा पहिला टप्पा: केंद्राला विचारलेले प्रश्न

"नको" हे माझ्या तोंडून येण्यापेक्षा त्यांनी केंद्रालाच विचारावं, असं ठरलं. मामाने स्पीकरवर फोन लावला. पहिला प्रश्न सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा.

"चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक द्याल का?"

"सर, ही ट्रायल नाही. ट्रीटमेंट आहे."

"मग ट्रीटमेंट म्हणून मान्यता कुणी दिलीय?"

"आमची एथिक्स कमिटी आहे ना सर."

"आणि रिझल्ट?"

"प्रत्येक पेशंटचा रिस्पॉन्स वेगळा असतो. लवकर आलात तर चांगलं."

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत सरळ आहेत. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचं प्रत्यारोपण ठरावीक आजारांत मान्य उपचार आहे. बाकी कुठल्याही आजारावर स्टेम सेल द्यायच्या तर त्या नोंदणी केलेल्या चाचणीतच, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे "ट्रायल नाही, ट्रीटमेंट आहे" हे उत्तर त्यांनी बचावासाठी दिलं, पण नियम वाचलेल्या माणसासाठी तीच कबुली होती.

इतकं होऊनही आबांचं मन वळलं नव्हतं. "नियम काय, उद्या बदलतील," ते म्हणाले. आणि मामाच्या मनात नाळेतल्या रक्ताचा धागा तुटत नव्हता. इथे नाही तर परदेशात, आज नाही तर दोन वर्षांनी, पण आपल्याकडे आपल्याच मुलीच्या पेशी आहेत.

दुसरा टप्पा: जनुकांचा अहवाल

इम्प्लांटचा निर्णय काहीही होवो, बहिरेपणाचं कारण शोधायला जनुकीय तपासणी करावी असं मी आधीच सुचवलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये अहवाल आला. जीजेबी२ जनुक, डब्ल्यू२४एक्स हा बदल, आई आणि बाबा दोघांकडून आलेला. भारतीय रुग्णांत हा बदल वारंवार सापडतो. या जनुकापासून कनेक्सिन २६ नावाचं प्रथिन बनतं. डब्ल्यू२४एक्समध्ये ते चोविसाव्या कडीवरच थांबतं, पुढे बनतच नाही. आईवडील स्वतः उत्तम ऐकतात, कारण दोघांकडे त्या जनुकाची एक प्रत चांगली आहे. नात्यात लग्न झाल्यावर दोघांकडे तोच बिघाड असण्याची शक्यता वाढते, आणि ओवीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती आल्या.

या एका पानाने जे केलं ते माझ्या तासाभराच्या समजावण्याने झालं नव्हतं. मामाने अहवाल दोनदा वाचला आणि मला विचारलं, "ताई, मग नाळेतल्या रक्तातही हाच बिघाड असणार?"

असणारच. तिच्या प्रत्येक पेशीत तो आहे. हाडातल्या मगजातही. समजा चमत्कार झाला आणि त्या पेशी कानात जाऊन रुजल्या, तरी त्याही कनेक्सिन २६ बनवू शकणार नाहीत. घरात बिघडलेल्या मोटरच्या जागी त्याच खराब बॅचची दुसरी मोटर बसवण्यासारखं ते. हे वडिलांना, फिटर असल्यामुळे, लगेच पटलं.

दुसरी गोष्ट त्याहून आशादायक. हा बिघाड मुख्यतः आधारपेशींच्या कामातला. श्रवणाची नस त्यात सहसा शाबूत असते, म्हणून जीजेबी२ मध्ये बिघाड असलेल्या मुलांना इम्प्लांटचा फायदा चांगला होतो. शेफील्डचं संशोधन नसेच्या दुरुस्तीचं, म्हणजे ते यशस्वी झालं तरी ओवीच्या गरजेला लागू पडेलच असं नव्हतं. "कानासाठी स्टेम सेल" असा एकच उपचार नसतो. केसपेशी, नस, आधारपेशी, यांतलं नेमकं काय बिघडलंय त्यावर कोणतं संशोधन आपल्या कामाचं ते ठरतं. हे कुटुंबाला निदानानंतर चार महिन्यांनी कळलं.

तिसरा टप्पा: "इम्प्लांट केलं तर पुढचं दार बंद होईल का?"

हा प्रश्न आईचा. तोपर्यंत ती फारशी बोलली नव्हती. सासरे आणि भाऊ बोलत होते, ती ओवीला खेळवत होती. मला वाटतं सगळ्यात नेमका प्रश्न तिने विचारला.

उत्तर सरळ "नाही" असं देता आलं नसतं. इलेक्ट्रोड शंखात घालताना तिथल्या नाजूक रचनेला इजा होऊ शकते, उरलंसुरलं ऐकणं जाऊ शकतं, आत तंतुमय ऊतक वाढू शकतं. पुढे कधी पेशींचा उपचार आला तर त्या कानात तो अवघड जाऊ शकतो. हे सांगितलं.

आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही. कान दुरुस्त झाला तरी ऐकतो मेंदू. अमेरिकेत अनु शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांत मेंदूचा ध्वनीला प्रतिसाद वयाप्रमाणे सुधारतो, सात वर्षांनंतर झालेल्यांत तो बहुधा तसा सुधारत नाही. त्या काळात आवाज पोचला नाही तर मेंदूतली ती जागा इतर कामांना लागते. म्हणजे दहा वर्षांनी कान बरा करणारा उपचार खरोखर आला, तरी तो अशाच मुलीला उपयोगी पडेल जिच्या मेंदूने मधल्या काळात ऐकायचा सराव केलाय. वडिलांच्या "सहा महिने थांबलो तर" या प्रश्नाचं उत्तरही इथेच होतं. सहा महिन्यांनी आभाळ कोसळणार नव्हतं. पण त्या सहा महिन्यांच्या शेवटी संशोधनातून काहीच मिळणार नव्हतं, आणि पुढचे सहा महिने मागायला तेच कारण पुन्हा तयार असतं.

मग घरच्यांनीच तोडगा काढला. एका कानात इम्प्लांट, दुसरा कान "राखून ठेवायचा". हा विचार अनेक घरांत होतो. वैद्यकीयदृष्ट्या मला तो लंगडा वाटतो, कारण राखलेल्या कानाच्या बाजूने मेंदूला सराव मिळत नाही, आणि दोन्ही कानांनी ऐकण्याचा फायदा गोंगाटात आणि दिशा ओळखण्यात मोठा असतो. पण सरकारी योजनेतून एकाच कानाचा खर्च मिळणार होता आणि दुसऱ्यासाठी पाच-सात लाख उभे करणं त्यांना शक्य नव्हतं. त्यामुळे तत्त्वाचा वाद तिथे उरलाच नाही. आबांना वाटलं त्यांचं ऐकलं गेलं, आणि त्याने घरातला ताण उतरला. त्याचीही किंमत असते.

केलेली कृती

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत पाच वर्षांखालच्या मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते. त्यावेळी मर्यादा सहा लाखांची होती आणि वांद्र्याची अली यावर जंग ही श्रवणदोषांवर काम करणारी संस्था त्याचं काम पाहते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, सीटी स्कॅन, एमआरआय, मशीन वापरल्याचा अहवाल. यातलं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सर्वात जास्त रखडलं, कारण जिल्हा रुग्णालयात कानाचे डॉक्टर ठरावीक दिवशीच बसत. एमआरआयमध्ये दोन्ही नसा व्यवस्थित दिसल्या, शंखाची घडण नेहमीची. न्यूमोकोकलची लस शस्त्रक्रियेआधी पूर्ण करून घेतली, कारण इम्प्लांटनंतर मेंदूज्वराचा धोका किंचित वाढतो.

एप्रिल २०२२ मध्ये उजव्या कानात इम्प्लांट झालं, ओवी बावीस महिन्यांची असताना. डाव्या कानावर मशीन चालू ठेवलं. चार आठवड्यांनी स्विच ऑन, म्हणजे इम्प्लांट पहिल्यांदा चालू केलं. त्या दिवशी ती आवाज आल्यावर रडली आणि आईच्या कुशीत शिरली. आबांना वाटलं काहीतरी चुकलं. असं बऱ्याचदा होतं. पहिल्यांदा आवाज पोचलेलं मूल हसेलच असं नाही, मोबाईलवरच्या व्हिडिओंनी ती अपेक्षा लावून ठेवलीय.

पुढची दोन वर्षं आठवड्याला थेरपी. कराडहून पुणं, सकाळच्या एसटीने. थेरपीचा खरा भाग घरी होता आणि तो आईने उचलला. डी.एड.चा उपयोग झाला. आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी रोज सकाळी तोंडासमोर रुमाल धरून, ओठ न दिसता ओळखायचे. ध्वनी ऐकला की ठोकळा डब्यात टाकायचा. पहिले तीन महिने ठोकळा हातातच राहायचा. मग "म" ला पडू लागला, "स" ला पडायला वर्ष गेलं.

मधे एकदा प्रोसेसरची, म्हणजे इम्प्लांटच्या बाहेर घालायच्या भागाची, केबल तुटली. नवीन यायला पाच आठवडे लागले. तेवढ्यात मुलगी मागे गेली, हे आईच्या वहीतल्या नोंदींवरून सरळ दिसतं.

काय झालं

जून २०२५ मध्ये ओवी पाच वर्षांची झाली. ती गावातल्या नेहमीच्या बालवाडीत जाते. चार-पाच शब्दांची वाक्यं बोलते, फोनवर मामाचा आवाज ओळखते. "श" आणि "स" अजून मिसळतात. वर्गात गोंगाट असला की तिला निम्मं कळतं, आणि मागून हाक मारली तर कुठून आली ते समजत नाही. वयाच्या मानाने भाषा साधारण दीड वर्ष मागे आहे. मला हा निकाल चांगला वाटतो. वडिलांना तो पुरेसा वाटत नाही, आणि त्यांचंही चूक नाही.

मधल्या काळात संशोधनाच्या बातम्या येत राहिल्या आणि प्रत्येक बातमीला मामाचा फोन आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्रीक्वेन्सीच्या औषधाची मोठी चाचणी फसली आणि कंपनीने ऐकण्यावरचं कामच बंद केलं. ज्या औषधासाठी थांबायचा विचार होता ते असं संपलं. जानेवारी २०२४ मध्ये उलट बातमी आली. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ओटोफर्लिन जनुकाच्या बिघाडामुळे बहिऱ्या असलेल्या सहा मुलांच्या कानात चांगलं जनुक विषाणूमार्फत पोचवलं आणि पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. मामा म्हणाला, "थांबलो असतो तर?" पण तो जनुकीय उपचार आहे, स्टेम सेलचा नाही, आणि जनुकही वेगळं. ओटोफर्लिनच्या मुलांत कानाच्या पेशी जागेवर असतात, फक्त संकेत पुढे सरकत नाही. जीजेबी२ वरचा असा उपचार तेव्हा अजून प्राण्यांवरच होता. या वेळी समजवायला जास्त वेळ लागला नाही, अहवालातलं जनुकाचं नाव मामाला पाठ होतं.

आणि २०२५ मध्ये शेफील्डच्या कामातून निघालेल्या रिन्री थेरप्युटिक्स या कंपनीला माणसांवरच्या पहिल्या चाचणीची ब्रिटनमध्ये परवानगी मिळाली. श्रवणाच्या नसेच्या पूर्वपेशी, प्रौढ रुग्ण. त्या पेशी कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेतच कानात सोडायच्या आहेत. स्टेम सेल की इम्प्लांट असा जो सामना या घरात चार वर्षांपूर्वी रंगला होता, तो संशोधकांच्या मनात तसा नाहीच.

२०२३ मध्ये आईला पुन्हा दिवस गेले. या वेळी आधी जनुकीय समुपदेशन झालं. प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका आहे हे त्यांना माहीत होतं. मुलगा झाला, तिसऱ्या दिवशी ओएई, महिन्याच्या आत बेरा, दोन्ही व्यवस्थित. नाळेतलं रक्त त्याचं ठेवलं नाही. ओवीचं मात्र अजून बँकेत आहे. करार वीस वर्षांचा, पैसे परत मिळत नाहीत, आणि मामाने तो विषय सोडून दिला आहे.

काय वेगळं करता आलं असतं

जन्माच्या वेळची तपासणी. हे इतकं उघड आहे की लिहायला नको, पण ओएई झाली असती तर निदान पंधराव्याऐवजी तिसऱ्या महिन्यात झालं असतं आणि इम्प्लांट वर्षाच्या आसपास. लॉकडाऊनमध्ये राहिलेल्या तपासण्यांची यादी करून त्या मुलांना नंतर बोलावणं कुठल्याही हॉस्पिटलला जमण्यासारखं होतं.

जनुकीय तपासणी निदानानंतर लगेच व्हायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती इम्प्लांटनंतर किंवा दुसऱ्या बाळाच्या वेळी सुचवली जाते. या प्रकरणात तो अहवाल ऑक्टोबरमध्ये हातात असता, तर केंद्राची फेरी आणि तीन महिन्यांची घालमेल बहुधा वाचली असती. ज्या घरात "आपल्या स्वतःच्या पेशी" हा विश्वास आहे, तिथे तर ही तपासणी सर्वात आधी.

खुणांची भाषा. मशीनं उपयोगी पडत नव्हती ते सात-आठ महिने ओवीकडे कोणतीच भाषा नव्हती. तिने स्वतःच काही खुणा बनवल्या होत्या, पाण्याला एक, आजीला एक. तेवढ्या आधारावर घरच्यांना काही खुणा शिकवल्या असत्या तर बोलण्याला धक्का लागला नसता. आमच्या क्षेत्रात यावर मतभेद आहेत. माझं मत अशा रिकाम्या महिन्यांत खुणा द्याव्यात असं आहे, पण हा विषय पहिल्याच बैठकीत पर्याय म्हणून आला की कुटुंबं तो पराभव समजतात. तो "तोवर काय करायचं" या भागात मांडायला हवा.

एक जादाची सुटी केबल पहिल्या दिवशीच घरात असावी. योजनेत ती बसत नसेल तर गावातून वर्गणी काढावी. इम्प्लांटला देणगी देणारे सापडतात, केबलला कुणी देत नाही.

डाव्या कानाचं अजून ठरलेलं नाही. ती साडेतीन वर्षांची असताना दुसऱ्या इम्प्लांटसाठी ट्रस्टकडे अर्ज करायचं ठरलं होतं, तेव्हाच दुसरं बाळ आलं आणि अर्ज कपाटात राहिला. आता तिच्या उजव्या कानामुळे मेंदूला ऐकण्याची ओळख आहे, त्यामुळे दार पूर्ण बंद झालेलं नाही, पण दर वर्षी फायदा कमी होत जाणार. आबांचा विरोध मावळला आहे. मागच्या भेटीत वडिलांनी नवीन उत्पन्नाचा दाखला आणला होता, त्यावरची तारीख मार्चमध्ये संपते, म्हणून अर्ज त्याआधी जायला हवा.